पंडिता रमाबाई : धड्यातल्या चार ओळींपलीकडे

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने माझ्याकडे शाळेच्या आठवणी मागितल्या नाहीत, हे बरे झाले. त्या इतरांकडे जास्त आहेत आणि रंगवून सांगण्याची हातोटीही त्यांच्याकडेच आहे. मी इतकी वर्षे नेमके काय करते ते लिहावे, असे त्यांनी सुचवले. आपल्या तुकडीतले डॉक्टर, शेतकरी, बँकेतले, फौजेतले काय काम करतात ते सगळ्यांना ठाऊक असते. इतिहास संशोधन म्हणजे काय आणि त्याचे पैसे कोण देते, हा प्रश्न मात्र आपल्या व्हॉट्सॲप गटावर दरवर्षी निघतो.

माझा विषय एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्रातील स्त्रिया, त्यांचा धर्म आणि त्यांची सार्वजनिक कामे. एवढे सांगितले की समोरचा माणूस चहा मागवतो. म्हणून विषय बाजूला ठेवून एका बाईचे चरित्र सांगते. त्या तुम्हाला परक्या नाहीत. समाजसुधारकांच्या धड्यात आपण त्यांना पाठ केले होते: पंडिता रमाबाई, शारदा सदन, मुक्ती सदन. जोड्या लावा या प्रश्नात हमखास गुण देणारे नाव. आपल्यापैकी जे दौंड-पुणे पॅसेंजरने कॉलेजला जात, त्यांच्या वाटेवर केडगाव रोज लागायचे. केडगाव म्हटले की आपल्याकडे नारायण महाराजांचे बेट आठवते. मुक्ती मिशनचे आवारही त्याच गावात आहे, आणि ही गोष्ट तिथेच संपते. सुरू मात्र होते फार लांब, पश्चिम घाटातल्या एका जंगलात.

रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे चित्पावन ब्राह्मण आणि संस्कृतचे गाढे पंडित. तरुणपणी ते ज्या गुरूंकडे शिकत, ते गुरू दुसऱ्या बाजीरावाच्या पत्नीला संस्कृत शिकवायला जात. त्या बाईंच्या तोंडचे श्लोक ऐकून अनंतशास्त्रींनी मनाशी ठरवले की आपली बायकोही शिकेल. पहिल्या पत्नीच्या बाबतीत घरच्यांनी ते होऊ दिले नाही. ती वारल्यावर चव्वेचाळिसाव्या वर्षी त्यांनी नऊ वर्षांच्या लक्ष्मीबाईंशी लग्न केले. स्त्रीशिक्षणाचा कैवारी नऊ वर्षांच्या मुलीचा नवरा होतो, हे वाचताना आज आपल्याला ठेच लागते, आणि लागायलाच हवी. पण त्या मुलीला त्यांनी खरोखर शिकवले. त्याबद्दल त्यांना उडुपीच्या पंडितसभेपुढे जाब द्यावा लागला, आणि तो त्यांनी शास्त्रांतलेच आधार काढून दिला. लोकांचा जाच चुकवण्यासाठी बिऱ्हाड मात्र गंगामूळच्या अरण्यात गेले. २३ एप्रिल १८५८ रोजी रमाबाईंचा जन्म तिथे झाला.

मूल सहा महिन्यांचे असताना हे कुटुंब तीर्थयात्रेला निघाले. रमाला वेताच्या पेटाऱ्यात घालून एका गड्याच्या डोक्यावर दिले होते. नंतर वर्षानुवर्षे चालणे थांबले नाही. देवळात किंवा घाटावर बसून पुराण सांगायचे, मिळेल त्या दक्षिणेवर राहायचे आणि पुढच्या तीर्थाला जायचे. वडील म्हातारे झाले होते, म्हणून रमाला शिकवण्याचे काम आईकडे आले. पहाटे उठवून लक्ष्मीबाई मुलीकडून पाठांतर करून घेत. भागवताचे अठरा हजार श्लोक रमाला लहानपणीच मुखोद्गत होते. थोरल्या बहिणीचे बालपणी लावलेले लग्न फसले होते, त्यामुळे वडिलांनी रमाच्या लग्नाची घाई केली नाही. त्या काळी ब्राह्मणाच्या घरात न्हाती-धुती मुलगी बिनलग्नाची राहणे म्हणजे केवढा गुन्हा, हे आपल्या आज्यांना विचारले असते तर त्यांनी सांगितले असते.

मग १८७० च्या दशकातला दुष्काळ आला. मद्रास इलाख्यात हे लोक अन्नावाचून भटकत होते. अंगमेहनतीची सवय नव्हती, भीक मागायची लाज होती आणि देवांवर भरवसा होता. दानधर्मात आणि अनुष्ठानांत होते नव्हते ते संपले. आधी वडील गेले, पाठोपाठ आई, मग बहीण. रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास उरले. दोघे अर्धपोटी, पायी, जवळजवळ सारा हिंदुस्थान ओलांडून १८७८ मध्ये कलकत्त्याला पोहोचले. या उपासमारीची आठवण पुढच्या सगळ्या कथेत आहे. वीस वर्षांनंतर रमाबाई बैलगाड्या घेऊन दुष्काळी मुलखात का गेल्या, याचे उत्तर कुठल्याही धर्मग्रंथात शोधण्याआधी इथे शोधावे, असे माझे मत आहे.

कलकत्त्यात वीस वर्षांच्या या मुलीने विद्वानांना चकित केले. पंडितांनी तिची परीक्षा घेतली आणि पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. परद्यातल्या बायकांना शास्त्राप्रमाणे स्त्रियांची कर्तव्ये समजावून सांगावीत, असेही त्यांनी सुचवले. ही सूचना त्यांना महागात पडली. कारण व्याख्यानांची तयारी म्हणून रमाबाई धर्मशास्त्रे स्वतः वाचायला बसल्या. त्यांना दिसले की हे ग्रंथ इतर गोष्टींत एकमेकांशी भांडतात, पण स्त्री मुळातच वाईट आणि तिला स्त्री म्हणून मोक्ष नाही, याबाबत मात्र त्यांचे एकमत आहे. केशवचंद्र सेनांनी वेदाची प्रत त्यांच्या हातात ठेवली, तेव्हा स्त्रीने वेद वाचायचा नसतो हा वडिलांनीही पाळलेला शेवटचा नियम गळून पडला.

१८८० मध्ये श्रीनिवास वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिन बिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने लग्न केले. तो ब्राह्मण नव्हता. संसार आसामकडच्या कछारमध्ये दीड वर्ष झाला. मनोरमा नावाची मुलगी झाली आणि फेब्रुवारी १८८२ मध्ये कॉलऱ्याने नवरा गेला. तेविसाव्या वर्षी आई, बाप, बहीण, भाऊ, नवरा यांपैकी कुणी नाही, आणि कडेवर दहा महिन्यांची पोर. अशा स्थितीत त्या पुण्याला आल्या.

पुण्यात रमाबाईंचे स्वागतही झाले आणि कुजबूजही. विधवा असून उजळ माथ्याने फिरते, पुरुषांच्या सभेत बोलते, आणि विद्वत्ता अशी की कुणाला उलट बोलायची सोय नाही! न्यायमूर्ती रानड्यांच्या पत्नी रमाबाई घरातल्या वडीलधाऱ्या बायकांचा रोष पत्करून त्यांच्या सभांना जाऊ लागल्या. दोघी रमाबाई एकाच मडमेकडे इंग्रजी शिकल्या. परीक्षेत या दोन रमाबाईंची अदलाबदल आपल्यापैकी बऱ्याच जणांनी केली होती, म्हणून मुद्दाम सांगते: सेवा सदन रानड्यांच्या रमाबाईंचे, शारदा सदन पंडिता रमाबाईंचे. १८८२ मध्येच आर्य महिला समाज निघाला, ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक छापले गेले, आणि हंटर आयोगापुढे रमाबाईंची साक्ष झाली. मुलींच्या शाळांना स्त्री शिक्षक हवेत, तपासायला स्त्रियाच हव्यात, आणि बायकांना डॉक्टरकी शिकवा, कारण पुरुष डॉक्टरला दुखणे सांगण्यापेक्षा आमच्या बायका मरण पत्करतात, असे त्यांचे म्हणणे होते.

डॉक्टर व्हायचे म्हणून पुस्तकाच्या पैशातून १८८३ मध्ये त्या मुलीला आणि आनंदीबाई भगत या मैत्रिणीला घेऊन इंग्लंडला गेल्या. ऐकू कमी येत असल्यामुळे वैद्यकीय शिक्षणाचा बेत बारगळला. वाँटेज या गावी जोगिणींच्या मठात त्या राहिल्या. काही महिन्यांतच आनंदीबाई भगत यांनी आत्महत्या केली. आणि २९ सप्टेंबर १८८३ रोजी रमाबाईंनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला.

इथे आपले पाठ्यपुस्तक पान उलटते. घरीदारीही हा विषय निघाला की आवाज खाली येतो. म्हणून मी इथे जरा थांबते.

हा बाप्तिस्मा कुणी फसवून दिला, असे म्हणायला कागदपत्रांत आधार नाही. नीळकंठशास्त्री गोरे हे आपल्यासारखेच ब्राह्मण घरातून ख्रिस्ती झालेले पंडित, त्यांच्याशी रमाबाईंची चर्चा चालू होती. लंडनजवळ फुलहम येथे मठाच्या बायकांनी चालवलेले एक आश्रयगृह त्यांनी पाहिले. समाजाने वाळीत टाकलेल्या बायकांना तिथे पुन्हा माणसांत आणले जात होते. ज्या शास्त्रांनी त्यांना स्वतःला मोक्ष नाकारला, त्यांच्याशेजारी त्यांनी हे ठेवून पाहिले आणि निवड केली. महाराष्ट्रात संतापाची लाट उठली. जोतीराव फुले हे त्यांची बाजू जाहीरपणे घेणाऱ्या थोड्यांपैकी एक. १८८५ च्या ‘सत्सार’मध्ये त्यांनी रमाबाईंची कड घेतली.

पण मला संशोधक म्हणून या प्रकरणात खरी गोडी लागली ती पुढच्या तीन वर्षांमुळे. रमाबाई आणि मठातल्या सिस्टर जेराल्डिन यांचा पत्रव्यवहार १९७७ मध्ये अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली छापून आला. तो वाचताना कळते की ज्यांनी बाप्तिस्मा दिला त्यांनाही ही बाई आवरली नाही. येशूचे देवत्व, त्रैक्य, चर्चचे अधिकार, एकही गोष्ट त्या न तपासता मान्य करीनात. मांसाहार केला नाही, अंडे घातलेली खीर चालेना. गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरेच का, आमच्या संस्कृतात काय उणे आहे, असा त्यांचा सवाल. चेल्टनहॅम येथील मुलींच्या कॉलेजात त्या शिकत होत्या आणि शिकवतही होत्या. त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांनाही शिकवावे अशी कल्पना निघाली, तर हिंदुस्थानातल्या बिशपांनी मोडता घातला. हिंदुस्थानात परतल्यावर त्यांची पत राहणार नाही, असे कारण दिले. रमाबाईंनी कळवले की देशातही मी पुरुषांपुढे बोलत आले आहे आणि माझ्या वतीने ठरवायचा अधिकार मी कुणालाही दिलेला नाही.

उडुपीच्या सभेपुढे वडिलांनी जे केले तेच मुलगी विलायतेत करत होती. गंमत म्हणजे दोन्हीकडची तक्रारही एकच, या बाईला फार गर्व आहे.

१८८६ मध्ये दूरच्या नात्यातल्या आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या फिलाडेल्फियाला गेल्या आणि अमेरिकेत तीन वर्षे राहिल्या. गावोगावी व्याख्याने दिली, किंडरगार्टनची पद्धत शिकल्या, आणि उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहिले. ते त्यांनी आईला अर्पण केले. त्याच्या हजारो प्रती खपल्या. बॉस्टनमध्ये रमाबाई असोसिएशन स्थापन झाली आणि तिने विधवांच्या शाळेचा दहा वर्षांचा खर्च पत्करला. अमेरिकेचे त्यांनी मराठीत लिहिलेले प्रवासवर्णन आजही वाचनीय आहे. तिथल्या बायकांच्या संघटनांचे कौतुक आहे, आणि काळ्या लोकांना मिळणाऱ्या वागणुकीवर कोरडेही आहेत.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीजवळ शारदा सदन सुरू झाले. पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई, म्हणजे पुढच्या आनंदीबाई कर्वे. त्यांचे ‘माझे पुराण’ मिळाले तर जरूर वाचा. केशवपन केलेली, घरकामात पिचलेली मुलगी शाळेत येऊन हळूहळू माणूस कशी होते, ते त्यात आहे. पुढच्या वर्षी सदन पुण्याला आले. सोवळेओवळे, जेवणखाण ज्या त्या मुलीच्या रिवाजाप्रमाणे. रानडे, भांडारकर सल्लागार मंडळात. धर्मशिक्षण द्यायचे नाही असे ठरलेले. मात्र रमाबाई स्वतः प्रार्थना करत तेव्हा खोलीचे दार लावून घेत नसत, आणि काही मुली येऊन बसू लागल्या.

‘केसरी’ने हे दार नेमके पकडले. शाळेच्या आडून बाटवाबाटवी चालते, असा आरोप सतत होऊ लागला. रमाबाई म्हणत, हिंदू घरात देवपूजेच्या वेळी मूल येऊन बसले तर त्याला कुणी हाकलते का, मग मी का हाकलू? १८९३ मध्ये रानडे-भांडारकर मंडळातून बाहेर पडले आणि वीस-पंचवीस मुली पालकांनी काढून नेल्या. याच वर्षी धोंडो केशव कर्व्यांनी गोदूबाईंशी पुनर्विवाह केला, आणि तीन वर्षांनी त्यांचा अनाथ बालिकाश्रम निघाला. विधवांना शिकवायचे पण हिंदू चौकटीत, ही त्याची भूमिका. म्हणजे शारदा सदन मोडायला निघालेल्या पुण्यानेच त्याची सुधारलेली आवृत्ती काढली. रमाबाईंच्या शाळेचे हे श्रेय आपल्याकडे फारसे कुणी मोजत नाही.

१८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. रमाबाई तिकडे गेल्या आणि शेकडो मुली, बायका घेऊन आल्या. त्याच वेळी पुण्यात प्लेग शिरला, सरकारने शहरात इतकी माणसे ठेवायला मनाई केली. केडगावला फळबागेसाठी जमीन घेऊन ठेवली होती, तिथे तंबू आणि झोपड्या उभ्या राहिल्या. हेच मुक्ती सदन. प्लेगच्या छावणीत आपल्याकडच्या मुलीचे काय झाले, याबद्दल त्यांनी सरकारवर मुंबईच्या एका इंग्रजी पत्रात उघड टीका केली. ख्रिस्ती झाली म्हणजे इंग्रजांची झाली, असे मानणाऱ्यांनी हे प्रकरण जरूर पाहावे. १९०० च्या गुजरातेतल्या दुष्काळानंतर केडगावात दोन हजारांच्या आसपास माणूस होते. विहिरी खणल्या, शेती, गोठा, हातमाग, तेलघाणा, छापखाना, अंध मुलींसाठी ब्रेल, फसवल्या गेलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन. ही सगळी कामे बायकाच करत.

आता एक अवघड प्रश्न, ज्याच्यावर माझी बरीच वर्षे गेली. शारदा सदनातल्या मुली वरच्या जातींतल्या होत्या, त्यांना घरे होती, पालक होते, त्यांच्या बाजूने भांडायला वर्तमानपत्र होते. केडगावच्या मुली कुणबी, महार, मांग, भिल्ल, कुणाच्याच नसलेल्या. त्यांच्यासाठी ‘केसरी’ने अग्रलेख लिहिले नाहीत. तिथे धर्माबाबत तटस्थता नव्हती. मुक्ती ही उघडपणे ख्रिस्ती संस्था होती, १९०५ मध्ये तिथे प्रार्थनेची मोठी लाट आली आणि मुली मोठ्या संख्येने ख्रिस्ती झाल्या. स्वतःसाठी निवडीचा हक्क बिशपांपासून पंडितांपर्यंत सगळ्यांशी भांडून मिळवणाऱ्या रमाबाईंनी, भुकेने मरता मरता वाचलेल्या आठ वर्षांच्या पोरीला तो हक्क किती दिला? मला वाटते, फारच थोडा दिला. त्यांचे प्रशंसक हे ऐकून रागावतात. पण अन्न, अक्षर आणि हाताला काम हे त्यांच्याखेरीज त्या पोरींना दुसऱ्या कुणी द्यायला आले नव्हते, हे सांगितले की टीकाकार रागावतात. दोन्ही गोष्टी कागदांवर आहेत आणि मला दोन्ही लिहाव्या लागतात.

विभागणी मात्र सोयीची झाली आहे. मिशनच्या चरित्रांत त्यांचे बाप्तिस्म्याआधीचे आयुष्य म्हणजे नुसता अंधार. आपल्या सुधारकांच्या चरित्रांत १८९३ नंतर त्यांचे नाव क्वचित येते. मीरा कोसंबी आणि उमा चक्रवर्ती यांनी हे तुकडे परत जोडायला घेतले, तेव्हा रमाबाईंना जाऊन सत्तर वर्षे होत आली होती.

शेवटची सुमारे पंधरा-अठरा वर्षे त्या बायबलच्या मराठी भाषांतरात होत्या. उपलब्ध भाषांतर संस्कृतप्रचुर आहे, खेड्यातल्या बाईला कळत नाही, म्हणून त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि मुळावरून साध्या मराठीत आणू लागल्या. भागवत मुखोद्गत असलेल्या पंडितेने संस्कृत शब्द निवडून निवडून काढून टाकायचे, यात किती कष्ट असतील याची कल्पना करा. खिळे जुळवणे, छापणे, बांधणी हे सर्व केडगावच्या बायकांनी केले. १९२१ मध्ये मनोरमा चाळिशीत वारली. गुलबर्ग्याची शाळा तिनेच चालवली होती आणि आईमागे संस्थेची धुरा तिच्याकडे जायची होती. त्यानंतर रमाबाई वर्षभरही जगल्या नाहीत. भाषांतराची शेवटची मुद्रिते तपासून होतात न होतात तोच ५ एप्रिल १९२२ रोजी केडगावलाच त्यांचे देहावसान झाले. १९८९ मध्ये टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले.

सध्या मी मुक्तीतून बाहेर पडलेल्या बायकांचा माग काढते आहे. काही शिक्षिका झाल्या, काही सुईणी आणि परिचारिका, काहींची लग्ने होऊन त्या याच पट्ट्यात, दौंड, बारामती, श्रीगोंद्याकडे स्थायिक झाल्या. त्यांचे लिहिलेले फार थोडे मिळते. मिळते ते घरांत: एखादे प्रमाणपत्र, भरतकामाचा नमुना, जुना गटफोटो, सांगोवांगी राहिलेले नाव. आपल्या शाळेत सर्व जातिधर्मांची मुले होती. तुमच्या कुणाच्या पणजीने केडगावला अक्षरे गिरवली असतील, माजी शिक्षकांपैकी कुणी अशा बाईंच्या हाताखाली शिकले असेल, तर मला अवश्य सांगा. माझा नंबर या स्मरणिकेच्या मागच्या यादीत आहे. कागद मी नेणार नाही, फोटो काढून तिथल्या तिथे परत देईन.